फॉरमॅटनंतर बंद पडणारा कॉम्प्युटर : आर्वी तालुक्यातलं एक प्रकरण

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान उघडायला पोचलो, तेव्हा दारात एक मोटरसायकल आधीच उभी होती. पुढे वडील, मागे एकोणीस वर्षांचा पोरगा आणि दोघांच्या मधे गोधडीत गुंडाळलेलं कॅबिनेट. गाव आर्वीपासून अठरा किलोमीटरवर. रस्ता मधेमधे उखडलेला, म्हणून पोराने सगळा वेळ ते कॅबिनेट दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"काका, गेम खेळता खेळता बंद पडून राहिलं. तीन वेळा विंडोज टाकून पाहिलं."

वडील म्हणाले, "भाऊ, फॉर्म भराले, अभ्यासाले घेतला होता. सोयाबीन विकून घेतला. मी म्हणतो गेम काढून टाक, तर म्हणते गेमचा दोष नाही."

पोराचं बरोबर होतं, गेमचा दोष नव्हता. पण दोष नेमका कुठे होता हे कळायला मला अकरा दिवस आणि गावाची एक चक्कर लागली. ते सगळं सविस्तर लिहून ठेवतो आहे. "फॉरमॅट मारल्यापासून बंद पडते" हे वाक्य माझ्या दुकानात महिन्यातून दोन-तीनदा येतंच, आणि या प्रकरणाने त्या वाक्याकडे बघायची माझी पद्धत बदलली.

काय सांगितलं आणि मी काय ऐकलं

मशीन दोन वर्षांपूर्वी जुळवलेली. जुळवली पोराच्या मामेभावाने, तो नागपुरात इंजिनिअरिंगला. प्रोसेसर रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, २४० जीबीची एसएसडी आणि जुनं विकत घेतलेलं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबीचं. एसएमपीएस, म्हणजे घरची वीज मशीनच्या भागांना लागते तशी करून पुरवणारा डबा, कॅबिनेटसोबत आलेला. त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट.

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. पोराने दिवाळीनंतर विंडोज ११ टाकायचं ठरवलं. त्याला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो, आणि व्हॅलोरंटसारखा गेम तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही मागतो. म्हणून त्याने आधी बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं, आत जाऊन एफटीपीएम (प्रोसेसरमधलाच टीपीएम) चालू केला आणि मग सी ड्राइव्ह पूर्ण पुसून नवीन विंडोज टाकलं. हे सगळं त्याने स्वतः, मोबाइलवर बघत बघत केलं. कुठेही चुकला नव्हता. एकोणीस वर्षांच्या पोराने खेड्यात बसून एवढं नीट केलं याचं मला कौतुक वाटलं, आणि ते मी त्याच्या वडिलांसमोर बोलूनही दाखवलं.

बंद पडायला लागलं ते त्यानंतरच. मग पुन्हा विंडोज, पुन्हा विंडोज. फरक नाही.

मी पहिला प्रश्न नेहमी एकच विचारतो : बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं? लोक तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतात. गेम आपोआप मिटतो आणि डेस्कटॉप दिसतो, तो एक प्रकार. त्यात बहुतेक वेळा गेमच्या फाइल, ड्रायव्हर नाहीतर मेमरी कमी पडणं असतं. निळा पडदा येतो, तो दुसरा. तिथे विंडोजला मरण्याआधी दोन शब्द बोलायला वेळ मिळालेला असतो, आणि ते शब्द मिनीडंप नावाच्या छोट्या फाइलमध्ये सापडतात. तिसरा प्रकार म्हणजे स्क्रीन काळी, पंखे थांबले, आणि मशीन एक तर स्वतःच पुन्हा सुरू होते नाहीतर मेली ती मेलीच. तिथे विंडोजला काही बोलायलाही वेळ मिळत नाही.

पोराने तिसरा प्रकार सांगितला. "कधी कधी तर काका, मागचं बटण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय सुरूच होत नाही."

हे वाक्य मी लिहून घेतलं. पण त्याच्या पाठोपाठ तो आणखी एक वाक्य बोलला, ते मात्र मी लिहिलं नाही. तो म्हणाला, "बाकी विंडोज ११ मस्त आहे काका. गेम लय फास्ट झाला. पहिले साठच्या वर जातच नव्हता, आता नव्वद-शंभर जाते."

तो फ्रेमचा, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांचा, आकडा सांगत होता. मी हो म्हणालो आणि कॅबिनेटचे स्क्रू काढायला लागलो.

दुकानात काहीच झालं नाही

आधी धूळ. कपाशीच्या दिवसांत आमच्याकडे कॅबिनेटमध्ये जी धूळ निघते तिच्यात कापसाचे बारीक तंतू असतात, ते कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखे बसतात. साफ केलं. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट बदलली. अठरा किलोमीटरच्या धक्क्यांनी काही सैल झालं असेल म्हणून रॅम, कार्ड, आठ पिनांची वायर काढून पुन्हा बसवली.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही. तिथे लाल खुणांची रांगच होती : कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. या नोंदीबद्दल बराच गैरसमज आहे. नावात पॉवर आहे म्हणून लोक लगेच एसएमपीएस बदलतात. प्रत्यक्षात ही नोंद बंद पडताना लिहिलीच जात नाही. ती पुढच्या वेळी मशीन सुरू होताना लिहिली जाते, आणि तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मला नीट बंद केलं गेलं नव्हतं. हाताने बटण दाबून धरलं तरी हीच नोंद, लाईन गेली तरी हीच. उपयोगाचा तपशील तिच्या पोटात असतो : बगचेककोड. तिथे शून्याखेरीज काही असेल तर निळा पडदा आला होता असं समजायचं. इथे प्रत्येक नोंदीत शून्य होतं आणि मिनीडंपचं फोल्डर रिकामं होतं. डंप लिहायला पेजफाइल (विंडोजने डिस्कवर राखलेली जागा) लागते, ती कुणी बंद करून ठेवलेली असते कधी कधी. इथे ती चालू होती.

ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला असता तर सहसा डिस्प्लेची ४१०१ क्रमांकाची नोंद दिसते. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हरला हलवून जागं करतं, त्याची ती नोंद. एकही नव्हती. प्रोसेसर किंवा बसमधली चूक पकडणारी व्हीआ-लॉगरची नोंद, तीही नाही. सगळ्या बाजूंनी शांतता, आणि मध्येच वीज तोडल्यासारखा खंड.

तरीही मी ड्रायव्हरचा रस्ता सोडला नाही, कारण फॉरमॅटनंतरचा तो नेहमीचा गुन्हेगार. विंडोज अपडेट पाठीमागून स्वतःचा ड्रायव्हर टाकतं आणि तुम्ही टाकलेल्याशी त्याची सरमिसळ होते. शिवाय आरएक्स ५८० ज्या पोलॅरिस पिढीतलं, तिच्यासाठी एएमडीने २०२३ च्या शेवटापासून वेगळा ड्रायव्हर-संच ठेवला आहे. तेव्हा इंटरनेटची वायर काढून, सेफ मोडमध्ये जाऊन, डीडीयू या ड्रायव्हर पुसायच्या सॉफ्टवेअरने जुनं सगळं पुसलं आणि योग्य संच टाकला. इंटरनेटची वायर काढणं विसरलं तर पुसून संपायच्या आत विंडोज पुन्हा आपला ड्रायव्हर आणून बसवतं, आणि मेहनत वाया जाते. रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावलं, चार फेऱ्या, एक चूक नाही. एसएसडीची तब्येत ठीक. बायोस अपडेटने रॅमचा वेग २१३३ वर आणून ठेवला होता. त्याने मशीन मंदावते, पण बंद पडत नाही. उलट रॅमवरचा ताण कमीच होतो.

दुसऱ्या दिवशी जीटीए ५ दोन तास चालवला. प्रोसेसर ७४ अंश, कार्ड ७६. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन तास. काही नाही. ड्रायव्हरच होता असं समजून मी मशीन दिली, साडेचारशे रुपये घेतले. त्याच रात्री सव्वाआठला पोराचा फोन आला : "काका, पडलं."

ते साडेचारशे मी नंतर परत केले. बरं न झालेल्या मशीनचे पैसे ठेवू नयेत. आणि खरं तर उत्तर माझ्याकडच्या कागदावर होतं. मी ४१ च्या नोंदी मोजल्या होत्या, चौदा. पण त्यांच्या वेळा एकाखाली एक मांडल्या नव्हत्या. त्या रात्री मांडल्या. चौदापैकी तेरा संध्याकाळी पावणेसात ते रात्री सव्वादहा यांच्या मधल्या होत्या. पोरगा दुपारीही खेळत होता, रविवारी सकाळीही. तेव्हा मशीन पडत नव्हती. विंडोजला घड्याळात किती वाजले याने काही फरक पडत नाही, ड्रायव्हरलाही नाही. फरक पडतो तो विजेला.

रात्रीचा मल्टिमीटर

दोन दिवसांनी दुपारी मी मल्टिमीटर, भिंतीच्या सॉकेटला लावायचा छोटा वॉटमीटर आणि दुकानातला एक चांगला ५०० वॅटचा एसएमपीएस घेऊन गावी गेलो.

घर गावाच्या अगदी कडेला, रांगेतल्या शेवटच्या खांबावर. डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, तिथून सहा-सातशे मीटर. घरामागून शेतं सुरू होतात. गहू, हरभरा, पलीकडे अजून उभी तूर. कपाशीची वेचणी चालू. त्या भागात घरांची आणि मोटरींची लाईन पूर्ण वेगळी नाही, हे पोराच्या वडिलांनीच दाखवलं. आणि रब्बीत ओलिताच्या वेळी काय होतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. लाईन आली की ज्यांच्या ज्यांच्या मोटरीला ऑटो स्विच बसवलेला, त्या सगळ्या एकाच क्षणी उठतात, आणि उठताना मोटर चालत्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते.

चार वाजता सॉकेटवर २१९ व्होल्ट. गेम लावला, चाळीस मिनिटं, काही नाही. वॉटमीटरवर ३५० च्या आसपास आकडा नाचत होता.

मग आम्ही थांबलो. काकूंनी चहा केला, आल्याचा. अंधार पडला, घराघरांत दिवे, टीव्ही, पाणी तापवायचे हीटर लागले. सात पस्तीसला मी पुन्हा मल्टिमीटर लावला : १८३. लघुदाबाच्या पुरवठ्यात २३० च्या वर-खाली ६ टक्के, म्हणजे २१६ ते २४४ च्या मधे राहावं असा दंडक आहे. १८३ वर ट्यूबलाइट कुथत पेटते, पंख्याची घरघर बदलते, पण मोबाइल चार्ज होतो आणि टीव्हीही चालतो. म्हणून घरात कुणाला काही बिघडलं आहे असं वाटत नाही.

गेम लावला. सहाव्या मिनिटाला स्क्रीन काळी झाली. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. एवढे दिवस जे कुणाला पटवून देता येत नव्हतं, ते आता दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांसमोर घडलं होतं.

मशीन पुन्हा सुरू केली. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम ६० वर बांधल्या. व्होल्टेज तोवर १७८ वर आलं होतं, तरी अर्धा तास एकदाही पडली नाही. मग माझा एसएमपीएस लावला आणि फ्रेम मोकळ्या सोडल्या. १७६ व्होल्ट, मध्येच एखादी मोटर सुरू होताना १७२. पूर्ण एक तास. पडली नाही. शेवटी मुद्दाम जुना एसएमपीएस परत लावला, कारण वायरी काढून बसवल्यानेही कधी दोष जातो आणि आपण भलत्याच गोष्टीला श्रेय देतो. नवव्या मिनिटाला बंद.

तेव्हा दिवा काढून जुन्या एसएमपीएसचा स्टिकर वाचला. मोठ्या ४५० च्या खाली बारीक अक्षरांत खरी गोष्ट लिहिलेली असते : +१२ व्होल्ट, १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही बारा व्होल्टवरच जेवतात. आरएक्स ५८० पूर्ण जोरात १८५ वॅटपर्यंत घेतं, गेममध्ये ३६०० ला साठेक वॅट. झाले २४५. आणि हे सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, कारण या कार्डावर सॉफ्टवेअर फक्त चिपची पॉवर दाखवतं, पूर्ण कार्डाची नाही. मी दुकानात तोच आकडा बघून निश्चिंत झालो होतो.

मग २१९ व्होल्टवर कसं चालतं? तिथे हा एसएमपीएस ओढूनताणून जादा भार उचलतो. त्यात अॅक्टिव्ह पीएफसीचं सर्किट, म्हणजे येणारं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी आतलं सारखं ठेवणारी सोय, नाही. भिंतीतून आलेली वीज तो सरळ मोठ्या कपॅसिटरांमध्ये, म्हणजे विजेच्या टाकीत, भरतो आणि तिथून वाटतो. २३० व्होल्टला त्या टाकीत साधारण ३२५ पर्यंत व्होल्टेज चढतं, १७२ ला जेमतेम २४३. साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे टाकी सुमारे ५६ टक्केच भरते. त्यातलीही तळाची ऊर्जा वापरता येत नाही. विजेच्या एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात दोनदा टाकी भरते आणि मधल्या काळात तीच पुरवायची असते. गेममध्ये अचानक स्फोट झाला, कार्डाने झटका देऊन वीज मागितली आणि नेमकी तेव्हाच बाहेर कुणाची मोटर उठली, की बारा व्होल्टची लाईन खचते. बोर्डाला मिळणारा पॉवर-गुड, म्हणजे वीज ठीक असल्याचा, इशारा तुटतो आणि सगळं एका क्षणात थांबतं. विंडोजला काही कळायच्या आत.

जाता जाता एक धोक्याची गोष्टही सापडली. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत होत्या, टेस्टर लावला तर दिवा लागत होता. पोराने एक्स्टेन्शन बोर्ड दोन पिनांचा वापरला होता, अर्थिंगच नव्हतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर थोडी वीज येते, ती अर्थिंगमधून जमिनीत जावी अशीच रचना असते. दुसऱ्या दिवशी गावातल्या वायरमनकडून अर्थिंगची वायर ओढून घेतली आणि तीन पिनांचा बोर्ड बसवला. याला गेमशी काही देणंघेणं नव्हतं, पण हे आधी करायचं काम होतं.

"लाईन तर मागच्या साली बी अशीच होती"

इथे बहुतेक दुरुस्तीवाले थांबतील. एसएमपीएस कमजोर, व्होल्टेज कमी, नवीन टाका. मीही वायरी गुंडाळायला घेतल्या होत्या. पोराचे वडील इतका वेळ खाटेवर बसून सगळं शांतपणे बघत होते. ते म्हणाले, "भाऊ, तुमचं पटलं. पण लाईन तर मागच्या साली बी अशीच होती. डबा बी हाच होता. मंग तवा काऊन नाही पडलं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. "एसएमपीएस जुना झाला" असं म्हणता आलं असतं, आणि ते थोडं खरंही असतं, कपॅसिटर वयाने कमजोर होतातच. पण विंडोज टाकलं त्याच रात्रीपासून? दोन वर्षं ठणठणीत आणि नेमका फॉरमॅटच्या दिवशी म्हातारा? मनाला पटेना. ज्या माणसाने सोयाबीन विकून ही मशीन घेतली, त्याला मी माझ्याच मनाला न पटलेलं कारण सांगू शकत नव्हतो.

परत येताना मोटरसायकलवर ते वाक्य आठवलं. *पहिले साठच्या वर जातच नव्हता.*

साठ. बासष्ट नाही, अठ्ठावन्न नाही. मशीनच्या ताकदीवर फ्रेम ठरल्या तर आकडा सतत हलतो, मोकळ्या रस्त्यावर वाढतो, गर्दीत पडतो. तो कायम साठवर थांबत असेल, तर त्याला कुणीतरी तिथे बांधलेला असतो. आणि विंडोज ११ टाकल्याने कोणताही गेम साठवरून शंभरवर जात नाही. पोराने आनंदाने सांगितलेली ती गोष्ट दुखण्याचंच लक्षण होतं. चांगली बातमी म्हणून मी ती कानावरून जाऊ दिली.

रात्री उशिरा घरी पोचल्यावर मी पोराकडून मामेभावाचा नंबर घेऊन फोन लावला.

"हो दादा," तो म्हणाला, "मीच बांधलं होतं. पहिल्या आठवड्यातच रात्री बंद पडत होतं ना. एसएमपीएसले पैसे उरले नव्हते, मामाजीले आणखी मागायची लाज वाटली. म्हणून आफ्टरबर्नर नावाचं कार्डाचा जोर बांधायचं सॉफ्टवेअर असते, त्यात प्रोफाइल टाकली, कार्डाचं क्लॉक कमी केलं, व्होल्टेज कमी केलं, पॉवर लिमिट खाली आणली, आणि साठ फ्रेमचा कॅप लावला. विंडोजसोबत आपोआप सुरू व्हायचं. त्याले सांगायचं राहूनच गेलं."

आता सगळं जुळलं. एसएमपीएस पहिल्या दिवसापासूनच अपुरा होता. दोन वर्षं एका सॉफ्टवेअरच्या टेकूवर तो उभा होता. सी ड्राइव्ह पुसला गेला, त्यासोबत आफ्टरबर्नर गेलं, त्याच्या फोल्डरमधली प्रोफाइल गेली, फ्रेमचा कॅप गेला. नवीन विंडोजमध्ये कार्ड पहिल्यांदाच मोकळं सुटलं आणि गेम फास्ट झाला. बाकीच्या दोन वेळच्या फॉरमॅटने काहीच बदलणार नव्हतं. जे हरवलं होतं ते विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये नव्हतंच.

मी त्याला विचारलं, एएमडीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येही ही ट्यूनिंग करता येते, मग आफ्टरबर्नर का? त्याचं उत्तर मला फार आवडलं. मशीन अचानक बंद पडली की एएमडीचं सॉफ्टवेअर आपली ट्यूनिंग मूळ जागी नेऊन ठेवतं. गावात लाईन जाते, मशीन धाडकन बंद होते, की ट्यूनिंग उडाली. आफ्टरबर्नर मात्र सुरू होताना आपली प्रोफाइल पुन्हा लावतं. त्या पोराने गावाच्या लाईनचा विचार करून हे केलं होतं. फक्त ते कागदावर उतरवलं नव्हतं.

टेकू परत

त्याच्याकडे जुन्या मोबाइलमध्ये आफ्टरबर्नरच्या स्क्रीनचा फोटो निघाला. कार्डाचं क्लॉक मूळ १३४० मेगाहर्ट्झवरून ११५० वर, पॉवर लिमिट उणे २५ टक्के, व्होल्टेज ९५० मिलिव्होल्ट. दुसऱ्या दिवशी मी पोराला फोनवर एकेक आकडा सांगितला, त्याने भरला, "विंडोज सुरू होताना लावा" ही खूण केली. साठचा कॅप वेगळा लावला. वॉटमीटर मी मुद्दाम त्याच्याकडेच ठेवला होता. ३५० चा आकडा २४० वर आला.

चार रात्री तो रोज सात ते नऊ खेळला आणि मला व्होल्टेज लिहून पाठवत राहिला. १८१, १७७, १८४, १७४. एकदाही पडलं नाही. पाचव्या रात्री मी सांगितलं, प्रोफाइल काढ आणि खेळ. अकराव्या मिनिटाला बंद. मला एवढा पुरावा पुरेसा होता.

हा शोध नुसता समाधानासाठी नव्हता. डिसेंबरात त्या घरात एसएमपीएसला पैसे नव्हते, कापूस अजून घरातच पडलेला. खरं कारण कळल्यामुळे एक रुपया न लावता मशीन त्याच दिवशी वापरण्याजोगी झाली. पोराची परीक्षेच्या फॉर्मची तारीखही त्याच आठवड्यात होती.

वडिलांनी विचारलं, स्टॅबिलायझर लावला तर? आमच्याकडे हा प्रश्न हमखास येतो, कारण फ्रिजला आणि टीव्हीला तो लावलेला सगळ्यांनी पाहिला आहे. मी नको म्हणालो. साधा रिलेचा स्टॅबिलायझर व्होल्टेज बदलताना टक् असा आवाज करतो, तेव्हा काही मिलिसेकंद पुरवठा तुटतो. फ्रिजला ते कळतही नाही. पण ज्या एसएमपीएसच्या टाकीत मुळात शिल्लकच नाही, त्याला तोच टक् पाडू शकतो. पुन्हा तोही त्याच दमलेल्या लाईनमधून जास्त प्रवाह ओढणार. त्या पैशात अर्धा एसएमपीएस येतो.

आणि एसएमपीएस उघडून कपॅसिटर बदलून द्या असंही पोरगा म्हणत होता. ते मी करत नाही, कुणाला करूही देत नाही. वायर काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज साठून राहू शकते.

जानेवारी

मकर संक्रांतीनंतर कापूस विकला गेला आणि बापलेक पुन्हा आले, यावेळी कॅबिनेट न आणता. ५५० वॅटचा एसएमपीएस घेतला, ब्राँझ दर्जाचा, अॅक्टिव्ह पीएफसीचा. स्टिकर मी वडिलांनाच वाचायला लावला : इनपुट १०० ते २४० व्होल्ट, +१२ व्होल्टवर ४५ अँपिअर. त्यांनी बोट ठेवून दोन्ही आकडे वाचले आणि म्हणाले, "म्हंजे मोटर सुरू झाली तरी हा दम धरन."

बसवला पोरानेच, मी फोनवर होतो. आठ पिनांची वायर कार्डाला, आठ पिनांची प्रोसेसरला, दोन्ही सारख्या दिसल्या तरी एकमेकींच्या जागी लावायच्या नाहीत, एवढं दोनदा सांगितलं. रॅमचा वेगही बायोसमध्ये जाऊन ३२०० वर परत आणला, तो बिचारा दोन महिने २१३३ वरच चालत होता. मग प्रोफाइल काढली, कॅप काढला. त्या रात्री १७६ व्होल्टवर अडीच तास खेळला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ ची नवी नोंद नाही.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. त्याने साठचा कॅप स्वतःहून परत लावला होता. मॉनिटर ६० हर्ट्झचाच आहे, वरच्या फ्रेम दिसतच नाहीत, आणि कॅप लावला की पंखा हळू फिरतो, बाजूच्या खोलीत आईची झोप मोडत नाही. मी त्याला म्हटलं, बेटा, आता सगळे आकडे एका कागदावर लिही आणि कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटव, पुढच्या फॉरमॅटच्या वेळी कामी येईल. तो म्हणाला, "चिकटवलं काका. दादाच्या जुन्या प्रोफाइलचेही आकडे लिहिले, तारखेसकट."